मानमोडीची ओळख पटवताना: मर्लिन ॲपचे परीक्षण

मर्लिन या ॲपची कीर्ती आज प्रामुख्याने त्याच्या कानांमुळे आहे. फोन हातात धरून झाडीत उभे राहावे, आसपासचे आवाज त्याने ऐकावेत आणि एकेका पक्ष्याचे नाव छायाचित्रासह पडद्यावर उमटत जावे, हा अनुभव इतका मोहक आहे की हे ॲप म्हणजे एवढेच, अशी अनेकांची समजूत होते. मीही बराच काळ ते असेच वापरत होतो. मात्र ज्या दिवशी रानात खरोखरच अनोळखी पक्षी समोर आला, त्या दिवशी या कानांचा काही उपयोग झाला नाही, आणि ज्या भागाकडे मी कधी ढुंकूनही पाहिले नव्हते, त्या पाच साध्या प्रश्नांनी मला उत्तरापर्यंत नेले. म्हणून या परीक्षणात मी ॲपच्या लोकप्रिय बाजूपेक्षा त्या दुर्लक्षित बाजूवर अधिक लिहिणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. हे ॲप अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीविज्ञान प्रयोगशाळेने, म्हणजे कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीने तयार केले आहे आणि ते 2014 पासून उपलब्ध आहे. ते पूर्णतः मोफत आहे. त्याच्यामागे दोन मोठे साठे उभे आहेत. पहिला ई-बर्ड, म्हणजे 2002 मध्ये सुरू झालेला आणि जगभरच्या पक्षीनिरीक्षकांनी स्वतः पाहिलेल्या पक्ष्यांच्या याद्या भरून वाढवलेला नोंदींचा साठा. दुसरा त्याच प्रयोगशाळेचे मॅकॉले ग्रंथालय, ज्यात पक्ष्यांची छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे जतन केली जातात. मर्लिन जे काही सांगते ते या दोन साठ्यांच्या बळावर, आणि त्याच्या मर्यादाही तिथूनच येतात, ही गोष्ट लक्षात ठेवली तर ॲपविषयीच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. जाता जाता, मर्लिन हे एका दंतकथेतल्या जादूगाराचे नाव आहे आणि एका छोट्या ससाण्याचेही. नाव ठेवणाऱ्यांनी दोन्ही अर्थ मनात धरले असावेत.

आता त्या पक्ष्याविषयी. पानगळ झालेल्या झाडीच्या कडेला एक वठलेला ओंडका पडलेला होता आणि त्याच्या बुंध्याशी मुंग्यांची रांग चालली होती. त्या रांगेजवळच्या सालीचा एक तुकडा हलला. सुरुवातीला मला ती खरोखर सालच वाटली, कारण राखाडी, तपकिरी आणि काळपट रेषांची ती नक्षी ओंडक्याच्या पृष्ठभागापासून वेगळी काढता येत नव्हती. दुर्बीण लावल्यावर कळले की तो चिमणीहून थोडा मोठा, सडसडीत, लांब शेपटीचा पक्षी आहे आणि तो जमिनीवर उड्या मारत मुंग्या टिपतो आहे. माझ्या डोक्यात एकापाठोपाठ एक नावे आली. रंगावरून रातवा म्हणावे, तर रातवा भर सकाळी असा उड्या मारत हिंडत नाही. तिरचिमणी म्हणावे, तर ती चालते, आणि तिच्या अंगावर अशी सालीसारखी नक्षी नसते. खाटकाची मादी म्हणावे, तर चोच आकडीदार नव्हती. तेवढ्यात पक्षी उडाला, वरखाली हेलकावे घेत जवळच्या झाडावर गेला आणि एका आडव्या फांदीवर इतर गाणाऱ्या पक्ष्यांसारखा आडवा बसला. मी घाईघाईने तीन-चार छायाचित्रे घेतली. पक्षीनिरीक्षक ज्यांना रेकॉर्ड शॉट म्हणतात, तशी ती होती, म्हणजे पुरावा म्हणून ठेवावीत, पण कुणाला कौतुकाने दाखवू नयेत.

सवयीप्रमाणे मी पहिल्यांदा ध्वनिओळख सुरू केली. ही सोय ॲपमध्ये 2021 साली आली आणि सुरुवातीला अमेरिका व कॅनडातील 400 हून अधिक जातींपुरती होती. पुढे ती इतर प्रदेशांतही विस्तारत गेली. तिची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. फोनचा माइक जो आवाज पकडतो, त्याचे आधी एका चित्रात रूपांतर होते. या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. त्यात डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, खालून वर आवाजाची पट्टी चढते आणि जिथे आवाज मोठा तिथे रंग गडद होतो. मग छायाचित्रातला पक्षी ओळखायला शिकवलेल्या संगणकीय प्रणालीप्रमाणेच दुसरी एक प्रणाली त्या चित्रातील वळणे ओळखते. दुसऱ्या शब्दांत, मर्लिन आवाज ऐकत नाही, तर तो पाहते. हे सारे काम फोनमध्येच होते, त्यामुळे नेटवर्क नसलेल्या रानातही ते अडत नाही. त्या सकाळी वीसेक मिनिटांत पडद्यावर सहा नावे आली आणि ती सहाही बरोबर होती, कारण ते पक्षी माझ्या ओळखीचे होते. सातवा, जो माझ्या डोळ्यांसमोर फांदीवर बसला होता, तो मुकाच राहिला. जो पक्षी बोलत नाही त्याला ऐकणारे यंत्र ओळखणार कसे, हा प्रश्न अर्थातच यंत्राला विचारण्यासारखा नाही. पण नवख्या माणसाचा इथे एक सूक्ष्म घोटाळा होतो. पडद्यावरची सहा नावे म्हणजे आसपासच्या सर्व पक्ष्यांची हजेरी, असे तो धरून चालतो आणि गप्प बसलेल्या पक्ष्याला त्या सहांपैकीच एक नाव चिकटवून मोकळा होतो. मीही दोन मिनिटे तेच करू पाहत होतो, हे कबूल करतो.

नाइलाजाने मी टप्प्याटप्प्याने ओळख हा भाग उघडला. ॲपच्या सुरुवातीच्या काळात मर्लिनची सारी ओळख याच भागावर उभी होती. आता तो ध्वनी आणि छायाचित्र यांच्या सावलीत गेला आहे. तो पाच गोष्टी विचारतो. पक्षी कुठे पाहिला, कोणत्या तारखेला पाहिला, तो केवढा होता, त्याचे ठळक रंग कोणते आणि तो काय करत होता. आकारासाठी चिमणी, कावळा यांसारख्या ओळखीच्या पक्ष्यांशी तुलना करावी लागते आणि दोहोंच्या मधलाही पर्याय असतो. रंग जास्तीत जास्त तीन निवडता येतात. वर्तनासाठी जमिनीवर, झाडावर किंवा झुडपात, तारेवर किंवा कुंपणावर, पाण्यात, आकाशात अशी मोजकी उत्तरे दिलेली असतात. वाचताना हे अगदी बाळबोध वाटते. प्रत्यक्षात उत्तरे द्यायला बसल्यावर आपण किती कमी पाहिले आहे, याची लाज वाटू लागते.

पहिल्या खेपेला मी पक्षी झाडावर होता असे सांगितले आणि रंग म्हणून राखाडी व पांढरा निवडले. समोर आलेल्या यादीत बरेच पक्षी होते आणि त्यांपैकी एकही माझा नव्हता. चूक माझीच होती. झाडावर तो माझ्यामुळे गेला होता; त्याचे खरे काम जमिनीवर चालले होते. पांढरा रंग तर मी पोटावरच्या उजेडावरून ठरवला होता. म्हणून मी पुन्हा दुर्बीण उचलली आणि या वेळी पक्षी कोणता हे न शोधता फक्त त्या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो. तेव्हा पहिल्या नजरेत निसटलेल्या गोष्टी एकेक करून दिसू लागल्या. डोक्याच्या माथ्यापासून मानेवरून पाठीपर्यंत उतरणारी एक गडद पट्टी होती. डोळ्यातून मागे जाणारी दुसरी तपकिरी पट्टी होती. गळा फिकट पिवळसर होता आणि त्यावर बारीक आडव्या रेघा होत्या. शेपटी लांब व राखाडी असून तिच्यावर गडद पट्टे होते. चोच आखूड आणि टोकदार होती. दुसऱ्या खेपेला मी जमिनीवर, तपकिरी, राखाडी आणि काळा अशी उत्तरे दिली. यादीत सातव्या क्रमांकावर मानमोडी हा पक्षी होता, आणि त्याच्या छायाचित्रातील पाठीवरची ती गडद पट्टी पाहताक्षणी माझी शंका जवळजवळ संपली.

या भागाचे मोल मला उत्तरापेक्षा या दुसऱ्या पाहण्यात वाटते. छायाचित्र दिले की ॲप नाव सांगते आणि आपण पक्ष्याकडे पाहणे थांबवतो. प्रश्न विचारले की आपल्याला पक्ष्याकडे परत जावे लागते. पूर्वी जुनीजाणती मंडळी सोबतच्या नवशिक्याला असेच छळत असत: नाव नंतर सांगतो, आधी शेपटी कशी होती ते सांग. तीच शिस्त या ॲपमध्ये आहे, फक्त ती मागच्या खोलीत ठेवलेली आहे.

यादीतील प्रत्येक पक्ष्याच्या पानावर अनेक छायाचित्रे, थोडक्यात वर्णन, आवाजांचे नमुने आणि आढळाचा नकाशा मिळतो. यांपैकी वर्णन मला सर्वांत उपयोगी वाटले, कारण ते जातीची ठेवण सांगते. छायाचित्रे मात्र अतिशय उत्तम आहेत, आणि रानात नेमकी तीच अडचण ठरू शकते. निवडक, स्वच्छ उजेडातील, पूर्ण अंग दिसणारी ती छायाचित्रे पाहून झाल्यावर फांद्यांच्या आड अर्धा दिसणारा आपला पक्षी वेगळाच कुणी वाटू लागतो. चांगल्या सचित्र पुस्तकातील चित्रकार महत्त्वाच्या खुणा थोड्या उठावदार करतो, शेजारी गोंधळात टाकणाऱ्या जातीही मांडतो. छायाचित्र हे करू शकत नाही. म्हणून ॲप असले तरी पुस्तक घरी ठेवून जाऊ नये, असे माझे मत आहे.

त्यानंतर मी छायाचित्रावरून ओळख करून पाहिली. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरील चित्राचाच फोनने फोटो काढून तो ॲपला दिला. ही युक्ती रानात फार सोयीची आहे, कारण कॅमेऱ्यातून फोनमध्ये चित्र पाठवण्याची खटपट वाचते. मात्र पक्षी चौकटीत मोठा होईपर्यंत चित्र ताणावे लागते आणि तिथे आळस करून चालत नाही. मी पहिल्यांदा अर्ध्याहून अधिक चौकटीत फांद्याच ठेवल्या होत्या, त्यामुळे त्या खटाटोपातून काही निष्पन्न झाले नाही. दुसऱ्यांदा, त्यातल्या त्यात बरे चित्र घेऊन पक्षी नीट चौकटीत बसवला, तेव्हा मानमोडी हेच नाव आले. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर मिळाले, हे समाधानाचे होते. पण या दोन्ही वाटा तारीख आणि ठिकाण यांचा आधार घेतात, त्यामुळे त्यांना पूर्णपणे स्वतंत्र साक्षीदार मानता येत नाही.

म्हणून तिसरी तपासणी मी स्वतः केली, आणि तीच सर्वांत आनंदाची ठरली. मानमोडी हा सुतारपक्ष्यांच्या कुळातील आहे, पण सुताराचे एकही लक्षण तो सहजासहजी दाखवत नाही. तो खोडावर टकटक करत नाही, कारण त्याची चोच त्या कामासाठी घडलेली नाही. सुतारपक्षी खोडावर चढताना शेपटीच्या ताठ पिसांचा टेकू घेतात. याच्या शेपटीची पिसे मऊ असतात. स्वतःचे घरटेही तो कोरत नाही, तयार ढोली शोधतो. कुळाची खूण उरते ती दोन ठिकाणी: पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे, आणि मुंग्या टिपणारी लांब, चिकट जीभ. लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1758 मध्ये या जातीला शास्त्रीय नाव दिले ते जिंक्स टॉर्क्विला. जिंक्स हे त्याचे प्राचीन ग्रीक नाव. ग्रीक लोक प्रेमाच्या जादूटोण्यात या पक्ष्याचा उपयोग करत, आणि इंग्रजीत अपशकुनासाठी वापरला जाणारा जिंक्स हा शब्द याच नावाकडे नेला जातो. नावाचा दुसरा भाग मान पिळण्याविषयी आहे, आणि आपले मराठी नावही तेच सांगते: घरट्यात किंवा हातात सापडला असता हा पक्षी मान सापासारखी वळवतो आणि फुत्कारतो. मी पाहिलेल्या पक्ष्याने मान मोडली नाही. नावावरून ओळखायला गेलो असतो तर मी त्याला नक्कीच नाकारले असते. फांदीवर बसलेला असताना दुर्बिणीतून पायाची मागची दोन बोटे मात्र एकदा स्पष्ट दिसली, आणि माझ्या दृष्टीने शिक्कामोर्तब तिथे झाले. या वंशात दुसरी एकच जात आहे, तांबूस गळ्याची, आणि ती आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेस राहते, त्यामुळे तिच्याशी गल्लत होण्याचा प्रश्न नव्हता.

त्याच्या मौनाचेही कारण नंतर ध्यानात आले. मानमोडी हा स्थलांतर करणारा पक्षी आहे. युरोप आणि आशियाच्या उत्तरेकडील भागात तो वीण करतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे, आफ्रिका व दक्षिण आशियाकडे येतो. विणीच्या प्रदेशात वसंतात त्याची अनुनासिक, एकाच सुरात पुनःपुन्हा येणारी हाक दूरवर ऐकू जाते. हिवाळी मुक्कामात तो बहुधा गप्प असतो. अर्थात वर्षाच्या ज्या काळात ध्वनिओळख त्याला क्षणात पकडेल, त्याच काळात तो तिथे ओळखीचा असतो. जिथे तो अवचित भेटतो, तिथे तो बोलत नाही.

यावरून मर्लिनच्या सर्वांत मोठ्या मर्यादेकडे यावे लागते, आणि ती दोष म्हणून सांगत नाही, कारण ती त्याच्या रचनेतच आहे. हे ॲप शक्यतेवर चालते. अमुक ठिकाणी, अमुक आठवड्यात कोणते पक्षी किती वेळा नोंदले गेले, यावरून ते यादीचा क्रम लावते. नेहमीच्या पक्ष्यांबाबत यामुळे उत्तर फार अचूक येते. पण जो पक्षी तिथे क्वचितच दिसतो, तो त्याच हिशेबाने यादीत खाली ढकलला जातो. माझा मानमोडी सातवा होता. पहिल्या तीन नावांवर थांबणाऱ्या घाईच्या माणसाला तो भेटलाच नसता. उलट बाजूही तितकीच खरी आहे. एखाद्या ठिकाणी अनपेक्षित असलेल्या पक्ष्याचे नाव आले तर ॲप त्याच्यापुढे वेगळी खूण करते आणि ती खूण पाहून पुष्कळांना आनंद होतो. वास्तविक ती खूण सावध होण्यासाठी आहे. त्यातच भृंगराजासारखे पक्षी इतरांच्या हाका हुबेहूब काढतात, आणि नक्कल उत्तम असेल तर स्पेक्ट्रोग्रामही नकलेचाच उत्तम येतो. केवळ ध्वनिओळखीच्या भरवशावर नोंद करू नये, पक्षी स्वतः पाहून किंवा ऐकून खात्री करावी, असे ॲपचे निर्मातेच सांगतात. हा सल्ला किती वापरकर्ते वाचतात, याविषयी मला शंका आहे.

आणखी एका गोष्टीबाबत मी थोडा कठोर होणार आहे. प्रत्येक पक्ष्याच्या पानावर त्याचा आवाज वाजवण्याचे बटण आहे. घरी बसून कान तयार करण्यासाठी ते अमूल्य आहे, पण रानात तेच बटण दाबून पक्ष्याला समोर बोलावण्याचा मोह होतो. विणीच्या दिवसांत पक्षी त्या आवाजाला हद्दीत शिरलेला प्रतिस्पर्धी समजतो आणि चारा, घरटे, पिल्ले सोडून त्याच्याशी भांडायला येतो. दुर्मीळ पक्ष्याच्या जागी दररोज दहा माणसे आली आणि प्रत्येकाने एकदाच आवाज वाजवला, तरी त्या पक्ष्याच्या वाट्याला दिवसातून दहा खोटी भांडणे येतात. रानात मी हे बटण वापरत नाही आणि इतरांनीही वापरू नये असे वाटते.

ओळख पटल्यावर हाच माझा पक्षी अशा अर्थाचे बटण दाबले की तो आपल्या यादीत जमा होतो. मी तेवढ्यावर न थांबता ई-बर्डवर स्वतंत्र नोंद भरली, कारण अनपेक्षित जात असेल तर तिथे टिप्पणी मागितली जाते आणि त्या भागातील जाणकार स्वयंसेवक अशी नोंद तपासतात. पाठीवरची पट्टी, गळ्याच्या रेघा, बोटांची ठेवण, मुंग्या टिपणे आणि मौन, एवढे चार ओळींत लिहिले आणि ते वाईट छायाचित्र जोडले. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरही छायाचित्र टाकून इतरांचे मत घेता येते आणि तिथे वेगवेगळ्या लोकांनी दुजोरा दिल्यावरच नोंदीचा दर्जा वाढतो. मर्लिनमध्ये अशी माणसांची बाजू नाही. तिथे आपण आणि यंत्र दोघेच असतो. नेहमीच्या पक्ष्यांसाठी हे पुरते.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगतो. ज्या प्रदेशात जायचे आहे त्याचा पक्षीसंच निघण्यापूर्वी डाउनलोड करून ठेवावा. तो बरीच जागा घेतो, पण त्यानंतर इंटरनेटची गरज पडत नाही. सतत ध्वनिमुद्रण चालू ठेवले की बॅटरी लवकर उतरते. मुद्रणे फोनमध्ये साठत जातात आणि ती अधूनमधून पुसावी लागतात. मात्र अनोळखी आवाजाचे मुद्रण कधीही घाईने पुसू नये.

मला या ॲपकडून एकच वाढीव गोष्ट हवी आहे. ते पाच प्रश्न विचारते, त्यांत पक्षी कुठे होता हे येते, पण तो कसा हलत होता हे येत नाही. तो चालतो की उड्या मारतो, खोडाला चिकटतो की फांदीवर आडवा बसतो, उडताना सरळ जातो की हेलकावे घेतो, असा सहावा प्रश्न असता तर मानमोडी सातव्या क्रमांकावरून बराच वर आला असता, असा माझा अंदाज आहे. तोपर्यंत मी ही तीन उत्तरे वहीत पेन्सिलीने लिहून ठेवतो आणि मगच फोन खिशातून काढतो.